दुकानात चालतो, होडीवर चालत नाय

"हलला काय?" खालून, इंजिनाच्या खोलीतून हनिफ ओरडला.

"नाय," मी वरून ओरडले.

"आता?"

"नाय रे बाबा, नाय."

काट्याकडे बघून बघून माझे डोळे चुरचुरायला लागले होते. आमच्या होडीच्या केबिनमध्ये सुकाणूच्या चाकाच्या वर एक गोल डबी बसवलेली होती, तिच्या काचेआड हा काटा. इंजिन चालू झालं आणि बॅटरी भरायला लागली की तो उजवीकडे झुकायचा. आता इंजिन धडाधडा चाललं होतं, पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या, आणि काटा मात्र रुसलेल्या जावयासारखा मधोमध बसून होता. त्याला काही म्हणता काही नको होतं.

त्या यंत्राला अल्टरनेटर म्हणतात हे मला माहीत आहे, पण हर्णैच्या बंदरावर त्याला सगळे डायनामोच म्हणायचे. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो आणि बॅटरी भरत राहतो. तो नाही चालला तर वायरलेस, जीपीएस, दिवे सगळं बॅटरीतलं उरलंसुरलं खात बसतं. दुसऱ्या दिवशी बॅटरी बसते. मग जाळं ओढायला म्हणून इंजिन एकदा बंद केलं की ते पुन्हा चालू होत नाही, आणि माणसं भर दर्यात वाऱ्याच्या मर्जीवर. असली होडी घेऊन कुठलाही शहाणा खलाशी बाहेर पडत नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. दर्याला नारळ देऊन झाला होता. बाकीच्या होड्या एकामागून एक गेल्या आणि आमची 'भाग्यवंती' नाळेवरचे, पुढच्या टोकावरचे, झेंडूचे हार सुकवत धक्क्याला उभी होती. आमचे खलाशी धक्क्यावर पत्ते कुटत होते. सकाळी त्यांच्यातला एक वयस्कर जण माझ्याकडे येऊन, डोक्यावरची टोपी हातात घेऊन म्हणाला होता, "वैनी, राग मानू नको. उद्याच्या भरतीला निघालो नाय, तर आमी दुसऱ्या होडीवर जातो. आमच्याबी घरात चूल हाय."

त्याचं बरोबरच होतं.

खलाशी गेले की होडी बसली. बसलेली होडी ठेवून करायचं काय, असं माझा दीर दामोदर येता-जाता मला ऐकवत होता. जयगडचं कोणी गिऱ्हाईक त्याने शोधूनही ठेवलं होतं. दामोदर मनाचा वाईट नव्हता, पण हात टेकायची त्याला भारी घाई. नाकात पाणी जायच्या आधीच हा बुडाल्याची बोंब मारणार.

"वैनी, विकून मोकळे होऊया," तो म्हणायचा. "दादाचा दवापानी तरी नीट होईल."

दादा म्हणजे माझा नवरा, धर्मा चोगले. होडीचे कप्तान, म्हणून अख्खं गाव त्यांना तांडेल म्हणायचं, आणि मीही तांडेलच म्हणायचे. त्या वेळी ते धक्क्यावर बर्फाच्या गाळ्याच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होते. शिमग्याच्या आधी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागले, तोंड एका बाजूला झुकलं. जीभ थोडीफार वळत होती. डॉक्टर म्हणाला होता, बोलत राहिले तर बोलणं परत येईल. पण येईल कुठून? माणूस बोलतच नव्हता. सुरुवातीला दोन-चार शब्द यायचे, मग तेही बंद झाले. 'हूं' नाही, 'चूं' नाही. पावसाळाभर ते खिडकीत बसले, आणि खिडकीतून खाडीत ओढून ठेवलेल्या आपल्या होडीची डोलकाठी बघत राहिले.

मी कोणाला बोलले नव्हते, पण मला पक्कं ठाऊक होतं. होडी जयगडला गेली, तर त्या खिडकीत बघायला काही उरणार नाही, आणि मग हा माणूस काही फार दिवस राहणार नाही. म्हणून मी त्या काट्यासमोर उभी होते. नाहीतर घरची कामं टाकून डबीत तोंड घालून बसायची मला हौस नव्हती.

हनिफ वर आला, हातापायाला ग्रीस, कपाळावर आठ्या. दापोलीला त्याचं वायरिंगचं दुकान. स्कूटरवरून यायचा, चहा मागून घ्यायचा, आणि आपल्या हाताखालून गेलेली एकही वस्तू बिघडलेली राहिली नाही असं दर वेळी ऐकवायचा. आता काही दिवस त्याने ते वाक्य सोडलं होतं.

"पट्टा बदलला," तो बोटं मोडत म्हणाला. "बॅटरी दुसऱ्याची लावून बगितली. वायर नवीन टाकली. डायनामो काडून दुकानात नेला, शिकंज्यात आवळून फिरवला, तर फर्स्ट क्लास! दोनदा नेला भाभी, दोन्ही वेळा फर्स्ट क्लास. दुकानात चालतो, होडीवर चालत नाय. ह्याला आता म्हणायचा काय?"

"नजर," मागे उभा असलेला दामोदर म्हणाला. "मी पहिल्याच दिशी बोललो व्हतो."

इंजिनाच्या खोलीच्या दाराला त्याने लिंबू-मिरची बांधलीच होती. तिच्याखालून वाकून जाताना हनिफच्या डोक्याला ती रोज लागायची आणि तो रोज शिव्या द्यायचा.

मी दमले होते. नुसती त्या दिवसापुरती नाही, शिमग्यापासून साठलेली दमणूक होती ती. मी केबिनच्या उंबऱ्यावर बसले आणि पदराने तोंड पुसलं. समोर धक्क्यावर कोणी कोळीण तांडेलांच्या खुर्चीपाशी वाकून मोठ्याने बोलत होती, "जेवलात काय तांडेल? व्हय? शाब्बास! आसाच जेवायचा हां!" तिचा हेतू चांगलाच होता. सगळ्यांचाच चांगला होता. आणि सगळ्यांना तसं बोलायला मीच सांगितलं होतं. त्यांना दुखवू नका, कसलीही काळजी कानावर घालू नका, गोड बोला. सांगताना मी दारादारात फिरले होते.

"आजून एकदा बगू," मी म्हटलं.

"काय बगू आता? डायनामो तर नव्यासारखा दिसतोय."

तो खरंच नव्यासारखा दिसत होता. आमच्याकडे पावसाळ्यात होडी खाडीत ओढली की चोरीला जाईल, गंजेल असं सगळं सोडवून घरी आणतात. वायरलेस, बॅटरी, डायनामो, सगळं. डायनामो पोत्यात गुंडाळून खाटेखाली पडलेला असतो. आणि नारळी पौर्णिमेच्या आधी होडीला रंग लागतो. नाळेपासून वल्ह्यापर्यंत, पाण्याच्या पिंपालासुद्धा. दर्याला सामोरं जायचं ते अंगावर नवं लेऊन, अशी आमची रीत. त्या वर्षी दामोदरच्या मनात काय आलं कोण जाणे, होडीचं नाव रंगवून उरलेला चंदेरी रंग आणि एक ब्रश त्याने तांडेलांसमोर ठेवला. तेवढाच त्यांचा वेळ जाईल म्हणून. तांडेलांनी खाटेखालचा डायनामो काढायला लावला आणि डाव्या हाताने तो रंगवायला घेतला. कितीतरी दिवस चाललं होतं ते. खाचाखोचांत, बोल्ट बसतो त्या कानांच्या आतून, भोकांच्या कडांना. रंगाचा एक हात वाळला की दुसरा. आळी बघायला आली. "काय झ्याक रंगवलाय!" "तांडेलांचा हात म्हणजे हात!" मीही टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या. तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ब्रश खाली ठेवला. मला वाटलं, दमले असतील.

हनिफ पुन्हा खाली गेला. लिंबू-मिरची डोक्याला लागली, शिवी आली. दामोदरने इंजिन चालू केलं. मी काट्यासमोर उभी राहिले.

"हलला काय?"

"नाय."

मग हनिफचा तोल सुटला असावा. त्याने हातातला मोठा पेचकस डायनामो आणि इंजिनाच्या मधल्या फटीत जोर लावून खुपसला, वैतागून, उपटूनच टाकतो म्हणून. आणि काटा उडाला. उजवीकडे थेट टोकापर्यंत गेला आणि परत मधे आला.

"हलला!" मी किंचाळले. "हनिफ, हलला! काय केलास?"

"काय नाय केला!"

"मग तेच परत कर!"

त्याने परत खुपसला. काटा परत उडाला. मी शिडीवरून कशी उतरले मला आठवत नाही, माझ्या वयाला ते शोभणारं नव्हतं. खाली हनिफ गुडघ्यावर बसून डायनामोकडे बघत होता. इंजिन बंद करायला सांगून त्याने पेचकसाच्या टोकाने डायनामोचा कान खरवडला, जिथे तो बोल्टने इंजिनाला आवळलेला होता तिथे. चंदेरी पापुद्रा सुटून आला. जाड, गुळगुळीत, दुहेरी. खाली जुना कळकट धातू.

"या अल्ला," हनिफ म्हणाला. "हा तर रंग हाय."

"मग?" मी विचारलं.

"भाभी, बॅटरीला दोन वायरी लागतात ना? एक ही जाड, लाल. आन दुसरी वायर म्हणजे ह्याचा अंगच. ह्याचा अंग इंजिनाच्या अंगाला उघडा टेकला पायजे. मधी रंग आला की वायर तुटल्यासारखीच." त्याने कपाळावर हात मारून घेतला, ग्रीसचा पंजा उमटला. "दुकानात शिकंज्याचे दात रंगात घुसायचे, म्हणून चालायचा. आन रंगबी चंदेरी! मला वाटला धुऊनपुसून चकचकीत केलाय. कुठल्या हुशाराने रंगवला हा?"

मी दामोदरकडे बघितलं, दामोदरने माझ्याकडे.

"दादाने," तो पुटपुटला.

हनिफने जीभ चावली. मग हळूच म्हणाला, "मी गुपचूप खरवडून घेतो. कोनाला कळायचा नाय."

"दादाला सांगू नको वैनी," दामोदर म्हणाला. "त्याच्या रंगामुळं होडी अडली कळला तर जीव देईल तो."

"मी कशाला सांगतंय?" मी म्हटलं.

हनिफने एक बाजू खरवडून घट्ट केली आणि इंजिन चालू केलं. मी वर जाऊन बघितलं. काटा उजवीकडे झुकला आणि तिथे राहिला. धक्क्यावर खलाशांनी पत्ते खाली टाकले, कोणी शिट्टी घातली. मी फळीवरून उतरून तांडेलांच्या खुर्चीपाशी गेले.

ते माझ्याकडेच बघत होते. डायनामोने ओढ घेतली की इंजिनाचा आवाज थोडा भरदार होतो, तो त्यांच्या कानाने बरोबर टिपला होता. त्यांचं तोंड हललं, कितीतरी दिवसांनी.

"क... काय... व्हता?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. आणि त्या आनंदात मी ठरवलेलंच बोलले, वर आवाज चढवून, मगाचच्या कोळणीसारखीच गोड. "काय नाय हो तांडेल! वायर सैल व्हती. झाला बगा ठीक. तुमी काळजी करू नका हां!"

त्यांनी मान हलवली. शहाण्या मुलाने हलवावी तशी. आणि खाली बघायला लागले.

त्या मान हलवण्याचा मला राग आला. असा राग, की कानशिलं तापली. ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणाचं पहिलं उत्तर खरं मानलं नाही, मी आमटीत मीठ घातलंय म्हटलं तरी जो आधी बोट घालून चाटून बघायचा, तो 'वायर सैल होती' म्हटल्यावर मान हलवून गप्प बसतो? इतके दिवस मला वाटत होतं, मी आजारपण काढून दमले. उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं. त्याने माणूस दमतोच. पण मला दमवलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीने. घरात मी खोटं गोड बोलत होते आणि ते खोटंच ऐकत होते, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून त्या माणसाबरोबर असून मी इतकी एकटी कधी पडले नव्हते.

"वायर नव्हती," मी म्हटलं. आवाज माझा नेहमीचा, फाटका. "तुमचा रंग व्हता. डायनामोला तुमी रंग दिलात ना, कानांना आतून, तो मधी आला. त्यानी चार्जिंग व्हईना. खलाशी जायला निघाले व्हते, होडी विकायची बोलणी चालली व्हती. तुमच्या रंगानी."

"वैनी!" मागून दामोदर.

तांडेलांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल होत गेला. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीची दांडी आवळली. ओठ वाकडेतिकडे होऊ लागले, गळ्याची शीर फुगली. मला वाटलं, झालं, दुसऱ्यांदा वारं जातंय, आणि ते मी आणलं. मी त्यांच्या खांद्याला धरायला पुढे झाले. त्यांनी माझा हात झटकला.

"ब... बसवला... कोनी?"

कोणाला कळेना. त्यांनी बोट दामोदरकडे केलं. "डा... डायनामो. होडीवर... बसवला कोनी?"

"मी, दादा," दामोदर म्हणाला.

"ख... खरवडला... नाय?"

"नाय दादा. मला काय म्हाईत..."

"गाढवा!"

तो शब्द अख्खा आला. न अडखळता, न तुटता, बर्फाच्या गाळ्यातल्या माणसांनी वळून बघावं इतका मोठा. खलाशी उठून उभे राहिले. मला वाटतं, ते सवयीनेच उठले.

"रंग... दर साल... लागतो. बसवताना... कान... खर... खरवडायचा. इंजिनाच्या... पाट्याबी. मी... दर साल..." ते धापा टाकत होते आणि थांबत नव्हते. हनिफ हळूच खाली बघायला लागला, तेव्हा त्यांनी त्यालाही सोडलं नाही. "आन तू... दापोलीचा... वा... वायरमन!"

मग ते माझ्याकडे वळले. "आन तू गो? इतके... दिस... बोंबलत बसलात... मला... मला इचारला... नाय?"

ते खरं होतं. इतक्या दिवसांत लिंबाला विचारून झालं, मिरचीला विचारून झालं, ज्याने जन्मभर ते इंजिन उघडलं-मिटलं तो माणूस हाकेच्या अंतरावर खुर्चीत बसला होता आणि त्याला आम्ही जेवलात काय म्हणून विचारत होतो.

खरं असलं म्हणून मी ऐकून घेणार होते थोडीच!

"इचारायचा कसा?" मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं. "तोंड उगडता काय तुमी? शिमग्यापासून खिडकीत बसलात दगडासारखे! मी काय डोलकाठीला इचारू?"

"तू... पो... पोराशी बोलल्यागत... बोलतंस! शाब्बास... बोलतंस मला!"

"मग काय बोलू? आन कोनी सांगितला व्हता इतका रंग थापायला? डायनामो काय नवरी व्हती, तिला तीन-तीन हात?"

"दो... दोन!"

"तीन!"

"दोनच हात!"

खलाशी हसायला लागले. दामोदर रडत होता, हनिफ मिशीत हसत होता. तांडेलांनी दामोदरला परत होडीवर पिटाळलं. दुसरी बाजू पण खरवड, डायनामो टेकतो त्या पाट्या खरवड, बोल्ट काढून कानसीने घास, वर ग्रीस लाव, असं तुटक तुटक, निम्मं हाताने दाखवत. एकेका शब्दाला त्यांना घाम फुटत होता. मी मदतीला शब्द पुढे केला की ते तो फेकून देत आणि स्वतःचाच शोधत.

दुसऱ्या दिवशी भरतीला 'भाग्यवंती' निघाली. तिला शीड नसलं तरी आमच्याकडे शीड भरलं असंच म्हणतात, तशी ती निघाली. तांडेल धक्क्याच्या टोकाशी काठीवर उभे राहून दामोदरला ओरडून काही सांगत होते. इंजिनाच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नसणार, पण तो दर वेळी हात वर करत होता.

होडी दिसेनाशी झाली तेव्हा मी त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि आम्ही घराकडे वळलो. चढ आहे तिथे. चार पावलं चालायची, थांबायचं. पहिल्यांदा थांबलो तेव्हा ते म्हणाले, "का... कालवनात... मीठ नाय. शि... शिमग्यापासून."

"डॉक्टरनी सांगितलाय!"

"डॉक्टर... खातो काय... तुझा कालवन?"

"नाय खात, म्हणून तर जिता हाय," मी म्हटलं. त्यावर त्यांनी काठी आपटली. मग पुढे रेडिओचा विषय निघाला, मी तो त्यांना त्रास नको म्हणून बंद ठेवला होता. मग त्यांच्या उशीचा. मग मी दारादारात जाऊन सगळ्यांना गोड बोला सांगितलं त्याचा. ते त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण कळलं होतं. एकेक गोष्ट त्यांनी मनात साठवून ठेवली होती, आणि एकेक शब्द ओढून काढत, धापा टाकत, ते ती माझ्यासमोर मांडत होते. मी प्रत्येकीला उत्तर देत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालू होतं. बायका कामं टाकून दारात आल्या. मधे पडायची कोणाची छाती झाली नाही.

घर आलं तरी आमचं भांडण संपलं नव्हतं.